बहुभाषिक वेबसाइटच्या हेडर-फूटरचा अनुवाद: कोणती ओळ कुठून येते, इथून सुरुवात करा

साइटची सगळी पानं मराठीत तयार झाली, भाषा बदलायचं बटणही चालतंय. तरी मराठी पान उघडलं की वरच्या पट्टीत 'सर्च' तसाच असतो आणि तळाशी 'ऑल राइट्स रिझर्व्ड' तसंच. पानाशेजारी अनुवाद जोडायचं जे चिन्ह दिसतं ते या ओळींपाशी कुठेच सापडत नाही.

नवखा माणूस इथे बराच वेळ घालवतो, कारण हेडर (वरची पट्टी) आणि फूटर (तळाची पट्टी) एका ठिकाणी बदलता येतील असा एखादा पडदा तो शोधत बसतो. बहुतेक साइटवर असा पडदा नसतोच. हेडर दिसायला एक सलग पट्टी असली तरी तिच्यातलं साइटचं नाव सेटिंगमधून येतं, मेनू वेगळ्या जागेतून, शोधखिडकीतली फिकट अक्षरं थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) कोडमधून आणि वर्गणीदार व्हा म्हणणारं बटण एखाद्या प्लगइनमधून (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून). कोणती ओळ कुठून येते हे कळलं की अनुवाद करणं फार अवघड राहत नाही. म्हणून पुढचे दोन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी गाळू नका.

उदाहरणं वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीची घेतली आहेत, कारण स्वतःची साइट स्वतः सांभाळणारे बरेच जण त्यावरच असतात. इतर प्रणालींसाठी नववा टप्पा पाहा.

हाताशी काय हवं

- ॲडमिनचं लॉगिन. एडिटरच्या लॉगिनने थीम, मेनू आणि प्लगइनचे पडदे दिसत नाहीत.
- होस्टिंगच्या फाइल मॅनेजरचा किंवा एफटीपीचा (सर्व्हरवर फाइल चढवायच्या सोयीचा) प्रवेश. रोज लागणार नाही, पण लागेल तेव्हा अडून बसाल.
- ताजा बॅकअप. स्टेजिंग साइट (चाचणीसाठी केलेली साइटची प्रत) मिळाली तर उत्तम.
- एक, आणि एकच, बहुभाषिक प्लगइन: पॉलीलँग, डब्ल्यूपीएमएल किंवा ट्रान्सलेटप्रेस. दोन एकदम चालू ठेवू नका.
- थीमच्या ओळींसाठी लोको ट्रान्सलेट हे प्लगइन, किंवा संगणकावर चालणारं पोएडिट.
- एक स्प्रेडशीट.
- कॉपीराइट, गोपनीयता आणि अटींच्या ओळींना मान्यता देणारी जबाबदार व्यक्ती. हा मजकूर अनुवादकाने आपल्या जबाबदारीवर टाकू नये.

## १. आधी यादी करा, न दिसणाऱ्या ओळींसकट

स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: मूळ ओळ, कुठे दिसते, कुठून येते, मराठी, तपासली का. मग साइट उघडून वरपासून खालपर्यंत सगळं उतरवून घ्या. मेनूतले शब्द, बोधवाक्य, बटणं, फूटरमधले रकान्यांचे मथळे, पत्ता, कॉपीराइटची ओळ हे सगळं पहिल्या फेरीत येतं.

दुसरी फेरी न दिसणाऱ्या ओळींची. लोगोच्या चित्राचा पर्यायी मजकूर, मोबाइलवरच्या तीन रेघांच्या बटणाचं नाव, 'थेट मजकुराकडे जा' ही टॅब दाबल्यावरच उगवणारी लिंक, समाजमाध्यमांच्या चिन्हांना दिलेली नावं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला हेच ऐकू येतं. सगळी साइट मराठीत आणि मेनूचं बटण मात्र इंग्रजीत बोलतंय, हे तपासणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

तिसरी फेरी प्रसंगाने दिसणाऱ्या ओळींची. लॉगिन केल्यावर हेडर बदलतो का? फूटरमधल्या वर्गणीच्या चौकटीत चुकीचा ईमेल घातला तर काय संदेश येतो? बरोबर घातला तर? कुकीची पट्टी कोणत्या भाषेत उगवते? पान सापडलं नाही तर वरच्या-खालच्या पट्ट्या तशाच राहतात का? हे प्रसंग मुद्दाम घडवून बघा.

## २. प्रत्येक ओळीचा उगम शोधा

वर्डप्रेसमध्ये हेडर-फूटरचा मजकूर साधारण पाच जागांमधून येतो: मेनू, सेटिंग्ज (यात कस्टमायझर हा साइटचं रूप बदलायचा पडदा आणि थीमची स्वतःची पानं आली), विजेट (पट्टीत बसवायच्या तयार चौकटी) किंवा टेम्पलेटचे भाग, थीमचा कोड आणि प्लगइनचा कोड. ओळ कुठली हे ओळखायचा क्रम असा:

डॅशबोर्डमध्ये ती ओळ कुठे टाइप केलेली सापडते का? मेनू, विजेट, कस्टमायझर, साइट एडिटर एकेक करून पाहा. सापडली तर ती तुम्ही किंवा साइट बनवणाऱ्याने लिहिलेली आहे. नाही सापडली तर लोको ट्रान्सलेटमध्ये चालू थीम उघडा आणि तिथल्या शोधात ते शब्द घाला. तिथेही नसेल तर प्लगइनांच्या यादीत तोच शोध घ्या. कुठेच नसेल, तर ती ओळ कोडमध्ये थेट लिहून ठेवलेली आहे. तिच्याबद्दल सातव्या टप्प्यात.

एक युक्ती इथे फार उपयोगी पडते. थीमची भाषांतराची फाइल उघडून काही ओळींच्या मराठी रकान्यात खरा अनुवाद न लिहिता मूळ ओळच चौकटी कंसात टाका आणि जतन करा. आता मराठी पान उघडा. कंसात दिसतात त्या ओळी या फाइलमधून येतात. कंस नसलेल्या दुसरीकडून. तर्क करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. स्टेजिंगवर करा म्हणजे झालं.

## ३. मेनू

हे सर्वांत सोपं, तरी एक खड्डा आहेच. पॉलीलँगमध्ये प्रत्येक भाषेसाठी वेगळा मेनू बनवायचा असतो, आणि थीममध्ये मेनूची जी जागा असते तिच्या भाषेनुसार प्रती झालेल्या दिसतात. मराठी मेनू बनवला पण मराठीच्या जागेला जोडला नाही, तर काही थीम ती जागा रिकामी ठेवतात आणि काही थीम साइटवरच्या सगळ्या पानांची यादी तिथे ओततात. मेनूत अचानक वीस नावं दिसली तर घाबरू नका, जोडणी राहिली आहे.

डब्ल्यूपीएमएलमध्ये मेनू जुळवून घेण्याचं वेगळं पान आहे. मूळ मेनू बदलला की तिथे जाऊन पुन्हा जुळवावं लागतं.

दोन्हीकडे लक्ष ठेवायचं ते हाताने टाकलेल्या लिंकवर. पान निवडून मेनूत घातलं असेल तर प्लगइनला त्याची मराठी जोडी माहीत असते. पत्ता टाइप करून घातलेली लिंक मात्र मराठी मेनूतूनही इंग्रजी पानावरच नेते. शब्द मराठी आणि पान इंग्रजी. वाचकाचा सर्वांत जास्त वैताग इथेच होतो.

## ४. थीमच्या स्वतःच्या ओळी

'शोधा', 'मेनू', 'पुढे वाचा' छापाच्या ओळी थीमच्या कोडमध्ये असतात आणि त्यांचं भाषांतर गेटटेक्स्ट नावाच्या जुन्या, भक्कम पद्धतीने होतं. तीन प्रकारच्या फाइल दिसतील. पीओटी म्हणजे फक्त मूळ ओळींचा साचा. पीओ म्हणजे मूळ ओळ आणि तिचा अनुवाद, माणसाला वाचता येईल असा. एमओ म्हणजे त्याचंच संगणकासाठी बांधलेलं रूप. साइट पीओ फाइल वाचत नाही. पीओमध्ये सुंदर अनुवाद करून ती एकटीच चढवली तर काहीही बदलणार नाही.

लोको ट्रान्सलेटमध्ये नवी भाषा जोडताना फाइल कुठे ठेवायची हे विचारलं जातं. नवखे समोर आलेला पर्याय दाबून पुढे जातात. इथे थांबा. 'ऑथर' निवडलंत तर फाइल थीमच्या फोल्डरमध्ये बसते आणि थीम अद्ययावत झाली की पुसली जाते. 'सिस्टम' निवडलंत तर वर्डप्रेसची आपोआप येणारी भाषांतरं तिच्यावर बसू शकतात. 'कस्टम' निवडा. तो फोल्डर लोकोचा स्वतःचा असतो आणि अपडेट त्याला हात लावत नाही.

फाइल हाताने चढवणार असाल तर नाव नीट बघा. थीमच्या आतल्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव फक्त भाषेचा कोड असतं. मराठीसाठी 'एमआर' (mr) एवढंच, त्यापुढे देशाचा कोड नाही. वर्डप्रेसच्या मुख्य भाषा-फोल्डरमध्ये मात्र आधी थीमचं टेक्स्ट डोमेन (तिच्या भाषांतरांचं ओळखनाव), मग आडवी रेघ, मग कोड. नाव चुकलं तर कोणतीही चूक दाखवली जात नाही, फक्त अनुवाद दिसत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ६.५ पासून आणखी एक गोष्ट बदलली. भाषांतरं वेगाने वाचता यावीत म्हणून पीएचपी स्वरूपातली भाषांतराची फाइलही चालते, आणि ती असेल तर एमओच्या आधी तीच वाचली जाते. म्हणजे तुम्ही नवी एमओ चढवलीत आणि शेजारी जुनी पीएचपी फाइल पडून राहिली, तर साइट जुनाच अनुवाद दाखवत राहील. कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामा करून करून हात दुखले तरी. अशा वेळी तो फोल्डर उघडून पाहा.

## ५. सेटिंग्ज आणि विजेट

साइटचं नाव, बोधवाक्य, तारखेचं स्वरूप आणि विजेटचे मथळे पॉलीलँगमध्ये 'लँग्वेजेस'खालच्या भाषांतरांच्या पानावर मिळतात. जुन्या पद्धतीच्या विजेटमध्ये ते कोणत्या भाषेत दाखवायचं हे निवडता येतं. म्हणून फूटरमधल्या पत्त्याचं विजेट दोनदा करा, एक इंग्रजीला आणि एक मराठीला.

डब्ल्यूपीएमएलमध्ये हे काम 'स्ट्रिंग ट्रान्सलेशन' हा जोडभाग करतो. तिथे ओळीची मूळ भाषा नोंदलेली असते. तुमची साइट मुळात मराठी आणि नोंद मात्र इंग्रजी अशी गल्लत झाली, तर आधी ती मूळ भाषा बदला, मग अनुवाद घाला.

ट्रान्सलेटप्रेसची रीत वेगळी आहे: पान समोर उघडतं, ओळीवर बोट ठेवायचं, शेजारी अनुवाद लिहायचा. ओळ कुठून आली याची फिकीर नसते. मोफत आवृत्तीत मूळ भाषेशिवाय एकच भाषा जोडता येते. दोनच भाषांची छोटी साइट असेल आणि कोडला हात लावायची इच्छा नसेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.

## ६. ब्लॉक थीम असेल तर

जानेवारी २०२२ मधल्या वर्डप्रेस ५.९ पासून ब्लॉक थीममध्ये, म्हणजे सगळी साइट ठोकळ्यांनी रचणाऱ्या थीममध्ये, हेडर-फूटर साइट एडिटरमध्ये ओढून-सोडून बनवता येतात. सोय मोठी आहे, आणि अनुवादाचा सगळ्यात फसवा कोपराही हाच आहे.

थीम नवी कोरी असताना फूटरमधला मजकूर बऱ्याचदा थीमच्या पॅटर्नमधून (तयार नमुन्यातून) येतो आणि गेटटेक्स्टने भाषांतरित होतो. तुम्ही साइट एडिटरमध्ये त्या फूटरमधलं काही बदलून जतन केलंत की संपूर्ण फूटर डेटाबेसमध्ये ठरीव मजकूर म्हणून साठवला जातो. त्या क्षणापासून थीमची भाषांतराची फाइल त्याला लागू होत नाही. रंग बदलायला गेलात तरी हे घडू शकतं. काल मराठीत दिसणारी ओळ आज इंग्रजीत का, याचं उत्तर बहुधा हेच असतं.

इथून पुढे वाटा तीन. पॉलीलँगच्या सशुल्क आवृत्तीत हेडर-फूटरचे भाग प्रत्येक भाषेसाठी वेगळे ठेवता येतात. डब्ल्यूपीएमएल त्यांना पानासारखंच अनुवादाला घेतं. ट्रान्सलेटप्रेसला त्याने फरक पडत नाही. पॉलीलँगच्या मोफत आवृत्तीवर ब्लॉक थीम घेऊन बसला असाल, तर अनुवाद सुरू करण्यापूर्वीच यांपैकी काय परवडतं ते ठरवा.

## ७. कोडमध्ये कोरलेल्या ओळी

कुठेच न सापडलेली ओळ थीमच्या फाइलमध्ये साधा मजकूर म्हणून लिहिलेली असते. उपाय चाइल्ड थीममध्येच (मूळ थीमवर आधारलेल्या, अपडेटने न पुसल्या जाणाऱ्या थीममध्ये) करायचा. मूळ थीमची फूटरची फाइल चाइल्ड थीममध्ये उतरवा आणि ती ओळ गेटटेक्स्टच्या फंक्शनमध्ये गुंडाळा, चाइल्ड थीमचं टेक्स्ट डोमेन देऊन. मग भाषांतराची फाइल पुन्हा जुळवून घ्या, ओळ तिथे दिसू लागेल.

यातली अट अशी की फंक्शनच्या आत ओळ जशीच्या तशी लिहिलेली हवी, व्हेरिएबल (मजकूर साठवणारं कोडमधलं नाव) नको. ओळी गोळा करणारं साधन कोड चालवत नाही, नुसतं वाचतं. व्हेरिएबलमध्ये काय आहे ते त्याला कळत नाही.

कोड येत नसेल तर हे काम थीम बनवणाऱ्याकडे सोपवा, पण मागणी नेमकी करा: 'फूटरमधल्या या तीन ओळी भाषांतरयोग्य करा, आणि वाक्याचे तुकडे करू नका.' दुसरा भाग का, ते पुढे.

## ८. आता खरा अनुवाद

तुकड्यांपासून सुरू करू. इंग्रजी थीम बऱ्याचदा वाक्य तोडून लिहितात: 'पब्लिश्ड बाय' हा एक तुकडा, पुढे लेखकाचं नाव. मराठीत 'ने', 'कडून', 'साठी' हे नावाच्या मागे लागतात, त्यामुळे तुकड्याचा अनुवाद कितीही चांगला केला तरी वाक्य उलटं पडतं. पूर्ण वाक्य आणि त्यात नावासाठी राखीव जागा असेल तरच ते सरळ होतं. तुकडे बदलून घेणं शक्य नसेल तर 'लेखक:' किंवा 'प्रकाशक:' असं लेबल करून टाका. ते कोणत्याही नावापुढे चालतं.

राखीव जागा म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं रोमन अक्षर, कधी मध्ये आकडा आणि डॉलरचं चिन्ह. ती जशीच्या तशी ठेवा. टक्का आणि अक्षर यांच्यात जागा सोडू नका, आतला आकडा देवनागरी करू नका. आकडा असलेल्या जागांचा क्रम मात्र वाक्यात बेलाशक बदला, त्यासाठीच तो आकडा असतो.

बटणांची भाषा एकसारखी ठेवा. 'शोधा', 'पाठवा', 'संपर्क करा' असं आज्ञार्थी ठरलं तर सगळीकडे तेच. हेडरमध्ये 'संपर्क' आणि फूटरमध्ये 'आमच्याशी बोला' असं एकाच पानाला दोन नावांनी हाक मारू नका. मेनूतला शब्द आणि त्या पानाचा मथळाही जुळायला हवा.

'होम'चं 'मुख्यपान' करायचं की 'होम'च ठेवायचं, यावर तासभर वाद घालणारे असतात. दोन्ही चालतं. माझं मत: मेनूत वाचकाला पटकन कळणारा आणि कमी जागा घेणारा शब्द ठेवावा. शुद्धतेचा हिशोब लेखात चुकता करावा.

मजकूर दुसऱ्या कोणाकडून येणार असेल तर तो युनिकोडमध्येच मागवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं वेबसाइटवर चिकटवलं की निरर्थक चिन्हं दिसतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द चिकटवल्यावर वाचून पाहा. काही साधनं त्यातलं न दिसणारं जोडचिन्ह गाळून टाकतात आणि 'दुसर्या' असं काहीतरी उरतं.

फोन नंबर देवनागरी आकड्यांत दाखवायला हरकत नाही, पण त्यामागच्या लिंकमध्ये आकडे इंग्रजीच (0 ते 9) ठेवा. नाहीतर दाबल्यावर फोन लागणार नाही.

## ९. वर्डप्रेस नसेल तर

ड्रुपलमध्ये ८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, बहुभाषिक सोय गाभ्यातच आहे. थीमच्या ओळी इंटरफेस भाषांतरात, साइटचं नाव आणि ब्लॉकचे मथळे कॉन्फिगरेशन भाषांतरात मिळतात. जुमलात प्रत्येक भाषेसाठी वेगळा मेनू आणि वेगळे मॉड्यूल करून त्यांना भाषा नेमून द्यायची, तर गाभ्यातल्या ओळी लँग्वेज ओव्हरराइडने बदलायच्या. ह्यूगोत प्रत्येक भाषेची एक शब्दसूची-फाइल असते आणि हेडर-फूटरचे टेम्पलेट तिथून शब्द उचलतात. उगम शोधायचा टप्पा सगळीकडे तोच.

## १०. भाषेचं बटण आणि लिंक

प्रत्येक भाषेचं नाव त्या भाषेच्या लिपीत लिहा: मराठीसाठी 'मराठी', मग पान कोणत्याही भाषेत असो. झेंडे लावू नका. झेंडा देशाचा असतो, भाषेचा नाही, आणि एका देशात अनेक भाषा असल्या की त्याचा काही अर्थच उरत नाही.

बटण दाबल्यावर वाचक त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेत जायला हवा. पहिल्या पानावर फेकला गेला तर जोडी नसलेल्या पानांसाठी काय करायचं ती सेटिंग बघा. लोगोची लिंकही तपासा. मराठी पानावरच्या लोगोने मराठी मुख्यपानावरच न्यावं.

पानाच्या एचटीएमएलमध्ये पहिल्याच टॅगवर भाषेचा कोड मराठीचा आहे ना? तो इंग्रजीचा राहिला तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी उच्चारांच्या नियमांनी वाचायला जातो. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतील तर तेही या कोडवरूनच निवडले जातात. शोधयंत्रांसाठीचे एचरेफलँग टॅग (पान कोणकोणत्या भाषांत आहे ते सांगणारे) प्लगइन सहसा आपोआप घालतं. प्रत्येक भाषेच्या पानावर दुसऱ्या भाषेचा आणि स्वतःचाही उल्लेख हवा, एकतर्फी असेल तर तो दुर्लक्षिला जातो.

## ११. अक्षरं नीट बसतात का

इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत देवनागरी कोंबली की वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. ओळीची उंची वाढवा. फूटरचा टाइप इंग्रजीला पुरतो तेवढा मराठीला पुरत नाही, एखादा पिक्सेल मोठा करा. मेनूतल्या इंग्रजी शब्दांना डिझायनर अक्षरांमध्ये अंतर देतात. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते, तेव्हा मराठीपुरतं ते अंतर शून्य करा. वेबफॉन्टमध्ये देवनागरी संच आहे का तेही पाहा. मुक्त, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आणि भरवशाचे आहेत. मुक्तमधली इंग्रजी अक्षरंही चांगली असल्यामुळे मिश्र फूटरला तो शोभतो.

## १२. तपासणी आणि पुढची देखभाल

आधी प्लगइनचा कॅशे, मग सर्व्हरचा, मग सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर त्याचा, या क्रमाने रिकामा करा. नंतर ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान उघडा, कारण नेहमीच्या खिडकीत तुमचं लॉगिन आणि भाषेची कुकी चित्र बिघडवतात. यादीतल्या पाचव्या रकान्यात खूण करत चला. मोबाइल वेगळा तपासा. तिथला मेनू कधीकधी डेस्कटॉपपेक्षा वेगळ्या जागेतून येतो आणि त्याला मराठी जोडणी द्यायची राहून गेलेली असते.

थीम अद्ययावत झाली की लोकोमध्ये जाऊन फाइल नव्या साच्याशी जुळवा. मूळ इंग्रजी ओळीत एक स्वल्पविराम बदलला तरी गेटटेक्स्टच्या लेखी ती नवी ओळ असते. जुना अनुवाद तिथे 'फझी' म्हणून अडकवून ठेवला जातो आणि कोणी पाहून मान्य करेपर्यंत साइटवर इंग्रजीच दिसतं. फझी ओळींची खूण काढताना मात्र दोन्ही रकाने वाचा. साधन कधीकधी नुसत्या दिसायला सारख्या ओळीचा अनुवाद उचलून आणतं, आणि 'लॉग इन'च्या जागी 'लॉग आउट' बसतं.